टाकीतला लाल रंग

सोमवारी सकाळी गावाच्या टाकीतले यीस्ट विटेसारखे लाल झाले होते.

मातीविना पिकवलेल्या धान्यात सेलेनियम नसे. ते गावाला भाकरीच्या पिठात मिसळलेल्या या यीस्टमधूनच मिळे. त्यावाचून हृदयाचे स्नायू दुबळे होतात. टाकी सांभाळणाऱ्या सुलभाताई खरवडकरांची नात त्यानेच अंथरुणाला खिळली होती आणि आता कुठे चालू लागली होती.

"जंतू शिरला असेल तर यीस्टच्या राखून ठेवलेल्या बियाण्यासकट सगळं जाळायचं ना, डॉक्टर?" सुलभाताईंनी विचारले.

"आधी बघू तर द्या," तपासणीला आलेले डॉ. केळशीकर म्हणाले. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू आढळला नाही. पेशींभोवती लाल कण मात्र होते. "काल सेलेनियमचे क्षार थेंबाथेंबानेच सोडलेत ना?"

"काल सूर्यग्रहण होतं. ग्रहणात अन्नाला कोण हात लावतं? वेध लागायच्या आत दिवसभराचं सगळं एकदम ओतून मोकळी झाले."

"म्हणजे यीस्टलाही उपास घडवलात?"

"उपास कसला? आधीच पोटभर जेवू घातलं की!"

डॉक्टर हसले. "बियाणं शाबूत आहे. ही खेप टाकून नवी लावा. तोवर साठ्यातलं पुरेल. नातीची भाकरी चुकणार नाही."

सुलभाताई नव्या खेपेसाठी बियाणे आणायला निघाल्या.

कारण साधे होते. क्षार थोडेथोडे मिळाले, तर वाढते यीस्ट त्यातले सेलेनियम आपल्या प्रथिनांत सामावून घेते. एकदम मिळाले, तर उरलेले सेलेनियम सुट्या मूलद्रव्याच्या रूपात साचते, आणि त्या रूपात ते लाल असते.