वरच्या खोलीची ऊब

इस्पितळातून आलेल्या ईडनाला जिना चढवेना, म्हणून नवऱ्याने, विल्फने, खालच्या बैठकीत पलंग मांडून खिडकीशी खोली तापवणारा नवा रेडिएटर जोडला. किल्लीने आतली हवा सोडली, तसा पत्रा तापू लागला. “जन्मभर मागत होते, आता लागला मुहूर्त!” ती हसली. “पण वसंतात मी वर जाणार. आपल्या खोलीतून चेरीचा बहर बघायचाय.” “जा की, महाराणी. कोण अडवतंय?” तिने पत्र्यावर तळवा टेकला. ती प्लंबरची लेक. रेडिएटरांना गरम पाणी पुरवणाऱ्या एवढ्याशा बॉयलरवर नवा जोडायचा तर एखादा जुना कमी करावा लागतो, हे तिला ठाऊक होतं. “कुठला कमी केलास? न्हाणीघरातला?” विल्फ पाना पुसत राहिला. “आपल्या खोलीतला.” “नुसता बंद केलास, की काढलास?” “काढला. नळ्यांना बुचं मारली.” बराच वेळ तिने तळवा उचलला नाही. “माझे कपडेही खाली आण. तिथं ओल धरेल.”