दुपारचं दूध

"आई, तुम्ही बाळाला परत पाजलंत ना?" ओकारीने भिजलेलं दुपटं तिने सासूपुढे आपटलं.

"मी हातसुद्धा लावला नाही गं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाळाचं दूध वर येतं, म्हणून ती त्याला थोडं थोडं पाजायची, ढेकर निघेपर्यंत खांद्यावर उभं धरायची आणि मगच झोपवायची. ही घडी बसवताना तिच्या नाकी नऊ आले होते. पण रोज दुपारी ती आंघोळीला गेली, की बाळाच्या खोलीतून पाठ थोपटल्याचा आवाज यायचा आणि मग बाळ तिने पाजलेल्याच्या दुप्पट दूध ओकायचं.

दुसऱ्या दिवशी तिने बाळाला झोपवून दार ओढून घेतलं. सासूला आणि नवऱ्याला स्वयंपाकघरात आपल्यासमोर बसवलं. "आता कोणी जागचं हलायचं नाही. बघू कोण लाड करतंय."

थोड्या वेळाने आतून थाप ऐकू आली. मऊ, सावकाश, सरावलेल्या हाताची. सासूने आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले. नवरा दाराकडे बघायलाही तयार नव्हता.

"माझ्या लेकराला हात लावायचा नाही," असं ओरडतच तिने दार ढकललं.

खोलीत बाळ एकटंच होतं, ओठांवर ताजं दूध. तिने त्याला उचलून छातीशी घट्ट धरलं.

थाप पुन्हा सुरू झाली, या वेळी तिच्या पाठीवर. शिवी हासडायला तिने तोंड उघडलं, आणि तिच्याच तोंडातून कोमट दूध हनुवटीवर ओघळलं.