उष्टी भूमिती

झेलू पावरा भूमितीत जिल्ह्यात पहिली आली. तसं काही घडलेलंच नाही, असं दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुखांनी कळवलं.

शहरातली मुलं परीक्षेपुरते धडे यंत्राने डोक्यात भरून घेत आणि नंतर काढून टाकत. तेच धडे सातपुड्यातल्या शाळांना दान मिळत. झेलूच्या डोक्यात प्रमेयांसोबत, तो धडा आधी वापरलेल्या कुणा आर्यमनने नाकातलं काढून बाकाखाली पुसल्याची आठवणही आली होती. वर्तुळ काढताना तिला दर वेळी ओकारी यायची.

"धडा त्याचा, म्हणजे गुण त्याचे. कॉलेजातली जागापण," केंद्रप्रमुख म्हणाले.

"आणि ओकारी, सर?"

"ती तुझी ना, बाई."

झेलूने अर्ज केला: 'गुण आर्यमनकडे वर्ग केलेच आहेत, तर ओकारीही वर्ग करावी. तसेच मला एक धडा कोरा, कुणीही न वापरलेला मिळावा, ही नम्र विनंती.'