अध्याय अर्धा ठेवू नये

सिताबाईनं देवापुढं दिवा लावला आणि मोबाइल पाटावर ठेवला. पोथी ठेवतात तसा. लेकाच्या आवाजातला एक अध्याय ऐकल्याशिवाय ती रात्री घास घेत नसे, आणि आज तर सोमवार, दिवसभराचा उपास. गोष्ट खुनाची का भुताची, याच्याशी तिला काही घेणं नव्हतं. पुण्यातल्या स्टुडिओत बसून वाचणारा सुरज होता, एवढं तिला पुरे होतं.

तिच्या नवऱ्याचं, धनाजीचं, तसं नव्हतं. बेंबळीच्या शिवारात मेंढरांमागं हिंडताना दिवसभर त्याच्या वरच्या खिशात कादंबरी बोलत असायची. आता त्याला वाचणाऱ्यांची पारख झाली होती.

"ती एक बाई हाय, गालात पेपरमिंट धरून वाचती," तो बलभीमला सांगत होता. बलभीम शेजारचा, रोज या वेळेला येऊन टेकायचा. "आन् दुसरा एक बाबा. मानूस मेला तरी कळंबची गाडी फलाटावर लागल्यावानी सांगतो. बाईचं बोलनं आलं की नुस्ता आवाज बारीक करतो. आवाज बारीक केल्यानं कुनी बाई हुतंय व्हय?"

"मग आपला सुरज?"

धनाजीनं दोनदा घसा खाकरला. बोलायच्या आधी तो नेहमीच तसा खाकरायचा. "सुरजची गोष्टच येगळी. मानूस समोर हुबा करतो. ते नुस्तं वाचून येत न्हाय, बलभीम. वाचनारा त्या मानसाजवळ बसल्याला असावा लागतो. असं हाय बगा."

"गप ऐका आता," म्हणत सिताबाईनं डोक्यावर पदर घेतला.

अध्याय सुरू झाला. ओढ्यात प्रेत सापडलेलं. ते ज्याला पहिल्यांदा दिसलं, त्या म्हाताऱ्या मेंढपाळाला फौजदारानं ठाण्यात बोलावलेलं. फौजदाराचा आवाज सुरजनं झकास धरला होता. धनाजीनं मान डोलावली.

मग म्हातारा बोलायला लागला. आधी त्यानं दोनदा घसा खाकरला.

"सायेब, गरिबाला पदरात घ्या. आमी अडानी मानसं. असं हाय बगा."

बलभीमला हसू आलं. फौजदार विचारायचा एक, म्हातारा सांगायचा मेंढरांचं. मधेच नाक ओढायचा. हात जोडलेले काही ऐकू येत नसतात, पण ह्या म्हाताऱ्याचे येत होते. बलभीम मांडीवर थाप मारून हसला. "आगायायाय! हे तर डिट्टो..." म्हणत त्यानं धनाजीकडं बघितलं, आणि पुढचं तोंडातच ठेवलं.

"सायेब, लेकराला पदरात घ्या." धाराशिवच्या कॉलेजात, प्रवेशाची तारीख उलटल्यावर, खिडकीपाशी वाकून धनाजी असंच म्हणाला होता. आवाजही असाच कापला होता. सुरज तेव्हा त्याला खेटून उभा होता.

सिताबाईचा हात मोबाइलकडं गेला.

"ऱ्हाऊ दे," धनाजी म्हणाला.

"उद्या ऐकू की, अवो."

"अध्याय अर्धा ठिवू न्हाय, म्हन्तीस न्हवं तू? ऱ्हाऊ दे."

तिनं हात मागं घेतला. म्हातारा अजून बराच वेळ बोलत होता. शेवटी फौजदारानं त्याला हाकलून दिलं, तेव्हा मागं हवालदार खिदळत होते. हवालदारही सुरजच होता.

अध्याय संपला. बलभीम उठला. "धारा काढायच्यात," म्हणाला आणि चपला हातात घेऊनच गेला. त्याची म्हैस तर कधीच आटली होती.

तेवढ्यात सुरजचा फोन आला. सिताबाईनं सवयीनं स्पीकर लावला.

"आई, उपास सोडलास का? आबांना दे. आबा, ऐकलंत का आजचं? लोकं नुसती वेडी झालीत त्या म्हाताऱ्यावर! खाली कमेंटमध्ये सगळ्यांनी तेच लिहिलंय. पुढच्या कादंबरीत पण असलाच एक म्हातारा आहे, तोही मलाच देणार आहेत. तुम्हाला कसा वाटला?"

खाकरणं घशाशी आलं होतं. धनाजीनं ते गिळलं.

"चांगला वाचलास."

"बास? एवढंच? एरवी तर अर्धा अर्धा तास चुका काढता."

"चूक न्हाय त्यात," धनाजी म्हणाला. "काय बी चूक न्हाय."

सुरज खूश झाला. आईला जेवून घ्यायला सांगून त्यानं फोन ठेवला.

धनाजी दिव्याकडं बघत बसला. मग हळूच म्हणाला, "सिते, उपासाचं तू खोटं बोलायची न्हाईस. म्या असाच बोलतो का गं?"

सिताबाईनं वात पुढं सारली. ती नीटच होती, तरी सारली.

"वाढते," ती म्हणाली. "हात धुवा."

तो उठून अंगणात गेला. जाळीच्या आत मेंढरं उभी होती. दिवस मावळला की तो इथं येऊन एक हाक द्यायचा, मग ती एकेक करून खाली बसायची. आज तो जाळीला धरून नुसताच उभा राहिला.

आतून सिताबाईनं ताट मांडल्याचा आवाज आला. मेंढरं अजून उभीच होती.