हरकत

धाकट्या निषादने पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला, म्हणून हवालदार चौकशीला घरी आले होते. थोरल्या परागला पार्किंगच्या भांडणात एका तरुणाने गोळी घातली, त्याला वर्षही झालं नव्हतं.

"मुलगा शांत स्वभावाचा आहे ना?" त्यांनी कुंदाताईंना विचारलं.

"परागला मारणाऱ्याकडेही परवाना होता," त्या म्हणाल्या. "त्याच्या आईलाही कुणी हेच विचारलं असेल आणि ती 'हो' म्हणाली असेल. मी म्हणणार नाही. माझी हरकत लिहून घ्या."

हवालदार गेल्यावर निषादने दार लावलं आणि तिथेच उभा राहिला.

"आई, मी कुणाचा जीव घेईन असं वाटतं तुला?"

"त्या मुलाला मी दर तारखेला कोर्टात बघते," कुंदाताई हळूच म्हणाल्या. "त्याच्याकडे बघूनही तसं वाटत नाही रे."