पाणी चालत आलं

वळणावर कहला दिसली. तिच्या मागे कुणीच नव्हतं.

उल्फत दाराच्या आड श्वास रोखून उभी होती. बाहेर ओट्यावर तिचे बाबा, नाजी, कॉफीच्या सालांचा काढा पीत बसले होते. त्यांनी पेला खाली ठेवला. गाढवीण डोंगरातल्या टप्प्याटप्प्यांच्या शेतांतून वर येत होती. पाठीच्या दोन्ही अंगांना पाण्याचे पिवळे डबे, आणि चाल अशी जपून, जशी दिवस भरत आलेल्या बाईची. ती बोरीखाली रेंगाळली नाही. कबरस्तानापाशी बुजली नाही. थेट दारात आली आणि उल्फतच्या मुठीतला शिळ्या भाकरीचा तुकडा हुंगू लागली.

"अगंबाई," आई म्हणाली, "हे जनावर एकटं आलं?"

"बाबा," उल्फत म्हणाली, "पाणी आलं. आपल्या पायांनी."

गावातली शाळा सहावीला संपत होती. पुढची शाळा खाली दरीत, बाजाराच्या गावी. उन्हाळ्याच्या तोंडाशी उल्फतने विचारलं होतं, तेव्हा नाजी हसले होते. "आणि पाणी गं कोण आणणार? तुझा भाऊ सीमेपलीकडे राबतोय, आईचे गुडघे गेलेत. ज्या दिवशी पाणी आपल्या पायांनी घरी चालत येईल ना पोरी, त्या दिवशी खुशाल जा." आईही हसली होती. उल्फत हसली नव्हती. तिने कहलाकडे पाहिलं होतं, तिच्या काजळ घातल्यागत डोळ्यांकडे, आणि तिच्या चार पायांकडे.

मग सुट्टीभर शिकवणी चालली. आधी उल्फत झऱ्यापर्यंत सोबत जायची, मग कबरस्तानापर्यंत, मग नुसती बोरीपर्यंत. तिथून ती गायची. दळताना आई गायची तीच चाल, शब्द मात्र हिचे:

_जा गं कहला माझे बाई, वाट पायांना ठाऊक,_
_झरा मायेचा, मावशीचा, पाणी देईल गं अचूक._

झऱ्यावर हमामा मावशी डबे भरून द्यायची आणि गाढविणीच्या पाठीवर थाप मारून तिला परत पिटाळायची. "गाढविणीला शहाणी करायला निघालीस," ती म्हणायची, "तुला कोण करणार गं शहाणी?" पण एकही दिवस तिने डबे रिकामे धाडले नाहीत. उलट कधी कधी कहलाच्या कानाशी सब्जाची डहाळी खोचलेली असायची, बायका लग्नाला जाताना केसांत खोचतात तशी.

आता नाजी उठले. डब्याचं झाकण उघडून त्यांनी बोट बुडवलं. पाणी गार होतं, काठोकाठ होतं. बोट पुसत त्यांनी गाढविणीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बोललो होतो खरा." आणि हसले, या वेळी वेगळं. उल्फतने धावत जाऊन खुंटीवरचं दप्तर काढलं, झटकलं, पुन्हा अडकवलं. पुन्हा काढलं.

दुपार कलल्यावर बैठकीत गावातले पुरुष जमले. गालांत तरतरी आणणारी हिरवी पानं भरलेली, लोडाला टेकून बसलेले. उल्फत किटली घेऊन पडद्याबाहेर थांबली. आत बाबा कहलाची गोष्ट सांगत होते, आणि त्यांच्या आवाजात कहलापेक्षा पोरीचंच कौतुक जास्त होतं, हे तिला बाहेरून कळत होतं.

"कबरस्तानापाशीसुद्धा बुजत नाही म्हणता?" कुणीतरी म्हणालं. "मग माझ्या मेहुण्यापेक्षा शहाणी."

सगळे हसले. मग थोरले काका, मुक्बिल, खाकरले. ते खाकरले की बैठक गप्प व्हायची.

"नाजी, नशीबवान आहेस. वयात आलेली पोर रोज झऱ्याच्या वाटेवर, चार लोकांच्या नजरेत. माझ्या जिवाला घोर होता, बोललो नव्हतो इतकंच. देवानेच सोडवलं. आता तिला उंबरा ओलांडायचं कामच उरलं नाही."

"देवाची कृपा," एकजण म्हणाला. "देवाची कृपा," दुसरा म्हणाला.

उल्फत बाबांच्या आवाजाची वाट पाहत राहिली. किटली हाताला चटके देत होती.

"देवाची कृपा," बाबा म्हणाले.

माणसं उठून गेल्यावर ते अंगणात आले. उल्फतकडे पाहिलं नाही. कहलाच्या मानेवरून हात फिरवत राहिले.

"दरीची वाट लांब आहे पोरी. मी रोज सोबत यायचं तर शेत कोण बघणार?"

"एकटी जाईन मी. कहला जाते की एकटी."

नाजींचा हात थांबला.

"कहलाला कुणी नावं ठेवत नाही," ते म्हणाले. मग हळूच, जणू गाढविणीलाच सांगत असावेत तसं, "मुक्बिलदादांच्या पुढे मला बोलता आलं नाही गं."

आईने दप्तर खुंटीवरून काढलं आणि त्यात मसूर भरून ठेवले. उंदरांपासून जपायला तेच बरं होतं.

सकाळी उल्फतने डबे बांधले. उंबऱ्याच्या आतूनच, हात लांब करून. खाली वळणापलीकडे झऱ्यावरच्या बायकांचं हसणं वाऱ्यासोबत येत होतं, आणि बोर आता फुलायला लागली असेल. गाणं तिने म्हटलं नाही. कहलाची मान जवळ ओढून तिच्या कानाशी तोंड नेलं.

"विसर," ती म्हणाली. "विसर ना गं बाई. माझ्यासाठी वाट विसर."

कहलाने कान झटकला, आणि एकटीच वाटेला लागली.