सात नंबरची हळद

रक्ताच्या नमुन्याला पिवळा रंग चढला की प्रयोगशाळेत 'हळद लागली' म्हणत. म्हणजे रुग्णाच्या शरीराने नव्या औषधाला शत्रू ठरवलं, औषध बंद.

शर्वाणीने तपासणी पुन्हा केली. प्लेटमधला तोच खळगा पिवळाधमक झाला.

"सर, सात नंबरला हळद लागली," तिने फोनवर सांगितलं.

"अरेरे. याच औषधाने चालायला लागली होती ना ती?"

मागे पावलं वाजली. पुढच्या इंजेक्शनसाठी आलेली सात नंबरची मुलगी कुबड्यांशिवाय दारात उभी होती.

"कुणाला हळद लागली, ताई?" तिने हसत विचारलं. "मला बोलवा हं. आता मी वरातीत नाचणार."

शर्वाणीने दोन्ही तळहातांनी प्लेट झाकली. तिच्या हातात तेवढंच होतं.